सात नंबरची खुर्ची

तीर्थरूप मामा,

शिरसाष्टांग नमस्कार. मामीला नमस्कार, आणि दुकानातला पंखा अजून फिरत असेल तर त्यालाही. (वडीलधाऱ्यांना पत्रात ‘तुम्ही’ लिहावं असं शाळेत शिकवलं होतं. मी तसं करून पाहिलं, पण चार ओळींतच समोरचा माणूस माझा मामा वाटेनासा झाला, एखादा पुरवठादार वाटायला लागला. म्हणून तो कागद रद्द केला. फाडला नाही, पाठकोरा होता. त्याच्याच मागच्या बाजूवर हे लिहिते आहे. पान उलटून वाचू नकोस, तिकडे मी फारच आदराने बोलले आहे.)

तुझी कंबर कशी आहे? मामीचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की डॉक्टरांनी वाकायचं नाही असं बजावल्यावर तू कामाच्या टेबलाखाली दोन-दोन विटा लावल्यास, आणि आता टेबल इतकं उंच झालंय की गिऱ्हाईक दुकानात आलं तर त्याला तुझे फक्त केस दिसतात. एक-एक वीट काढ. मामीच्या खांद्याला बरं वाटत असेल अशी आशा करते. वाटत नसेल तरी ती ‘बरंय’ असंच सांगेल, तेव्हा तूच बघ.

माझी प्रकृती उत्तम. वजन दीड किलोने वाढलं, कारण इथलं काम बसून करायचं आहे. आणि हे सगळं पत्र त्या बसण्याबद्दलच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. तू दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ‘आमची ग्रॅज्वेट जगासाठी सामान आणते’ असं सांगतोस हे मला कळलं आहे. मामीच्या मैत्रिणीने मला शिलाई मशीन स्वस्तात मिळेल का म्हणून विचारलं, तेव्हाच मी ओळखलं. मामा, मी सामान आणत नाही. आमची संस्था बऱ्याच देशांनी मिळून चालवलेली आहे आणि तिच्या खरेदी विभागात मी सर्वांत खालच्या पायरीवर आहे, तीही सहा महिन्यांच्या परीक्षेवर. काम पसंत पडलं तर कायम करतील, नाही तर तुझ्या उंच टेबलाच्या पलीकडे येऊन उभी राहीन. माझं खास काम आहे शाश्वत खरेदी. म्हणजे काही विकत घ्यायच्या आधी विचारायचं, की ही वस्तू खरंच हवी आहे का, किती वर्षं टिकेल, मोडली तर कोण दुरुस्त करेल, आणि शेवटी कुठे जाऊन पडेल. थोडक्यात, आयुष्यभर तू गिऱ्हाइकांना ज्या शिव्या घालत आलास त्याच आम्ही सभ्य भाषेत, तक्ता आखून लिहितो. मला हे शिकायला तीन वर्षं कॉलेजात घालवावी लागली, तुझ्या दुरुस्तीच्या दुकानात मी त्याआधी दहा वर्षं बसतच होते. (त्या दहा वर्षांचं प्रमाणपत्र मात्र कुणी देत नाही. आणि जे मिळालं त्याला तू फुटक्या आरशाची चौकट घालून भिंतीवर लावलंस, तेव्हा हिशेब बरोबर झाला.)

तर मी रुजू झाले त्याच महिन्यात कचेरीला एकशे चाळीस खुर्च्या हव्या आहेत असं ठरलं, आणि आमच्या विभागप्रमुखांनी ती निविदा माझ्या हातात दिली. त्यांना सगळे पोटकलमसाहेब म्हणतात. (तोंडावर नाही.) माणूस सरळ आहे, पण नियमांचं पुस्तक त्यांना इतकं पाठ आहे की शिंक आली तरी ती कुठल्या पोटकलमाखाली येते हे आधी सांगतील, मग रुमाल काढतील. ते म्हणाले, “ही तुमची पहिली निविदा. तुम्हाला कायम करायचं की नाही, ते हिच्यावरून ठरेल.” मी त्या रात्री झोपले नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, मस्त झोपले. इतका आनंद झाला होता.

मी जीव ओतून अटी लिहिल्या. खुर्ची टिकाऊ हवी, त्याला तीस गुण. साध्या पान्या-पकडीने दुरुस्त व्हावी, पंचवीस गुण. जुनं साहित्य पुन्हा वापरलेलं असावं, वीस. वेष्टन कमीत कमी, दहा. लांबून आणलेली नको, दहा. उरलेले पाच गुण बसायला बरी वाटते का याला. (हे पाचसुद्धा आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी भांडून मिळवले. त्या म्हणाल्या, “माणूस बसणार आहे त्याच्यावर, एवढी तरी नोंद असू दे कुठेतरी.”) शिवाय एक अट मी हट्टाने घातली, की नवीनच खुर्ची हवी असं नाही, जुनी नीट केलेली असली तरी चालेल. पोटकलमसाहेबांनी तीन दिवस पुस्तक चाळलं, त्यात मनाई सापडली नाही, आणि त्यांनी जड अंतःकरणाने सही केली.

सात कंपन्यांनी निविदा भरली. प्रत्येकीने एक-एक खुर्ची नमुना म्हणून पाठवायची होती. कुणाकडे कल जाऊ नये म्हणून खुर्चीवरचं कंपनीचं नाव झाकायचं, फक्त नंबर चिकटवायचा, आणि समितीने नंबर बघून गुण द्यायचे. गुण देऊन झाल्यावरच पाकिटं उघडायची. नमुने मोठ्या सभागृहात येऊन पडले तेव्हा मी जेवायला गेले होते. परत आले, खुर्च्या भिंतीशी ओळीने लागलेल्या होत्या. मी मोजल्या. यादीत सात, ओळीत सात. नंबर चिकटवले, दाराला कुलूप लावलं, कुलपाला मोहोर लावली. समितीच्या दिवसापर्यंत आत कुणी जायचं नाही, अगदी झाडूवालीनेही नाही. स्वतःच्या शिस्तीचं मला इतकं कौतुक वाटलं की मी कुलपाला दोनदा हिसका देऊन पाहिला.

आता फाटकावरच्या काकांबद्दल सांगायला हवं. ते आमचे रखवालदार, बावीस वर्षं एकाच फाटकावर. उजवा गुडघा दुखरा. मला पहिल्या दिवशी ‘मॅडम’ म्हणाले, दुसऱ्या दिवशी मी पायऱ्यांवर धडपडले तेव्हापासून ‘ताई’ म्हणतात. नमुने कुलूपबंद झाले त्याच संध्याकाळी काका माझ्या टेबलाशी आले.

“ताई, माझी खुर्ची दिसली का कुठे?”

“कशी आहे दिसायला?”

“बसल्यासारखी.”

मामा, मी खरेदी विभागातली आहे, एवढ्याने भागणार नाही हे मला माहीत होतं. मी त्यांच्यासाठी हरवलेल्या वस्तूचा अर्ज काढला आणि आम्ही दोघांनी मिळून तो भरला. खुर्ची कुणी बनवली, यापुढे काका म्हणाले, ‘मीच’. कोणत्या साली घेतली, यापुढे ते म्हणाले, ‘थोडी-थोडी करून’. वस्तूची आजची अवस्था, यापुढे मी लिहिलं, ‘हरवलेली’. मग तीन दिवस दुपारच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर ती खुर्ची शोधत फिरले. गच्ची पाहिली, जनरेटरची खोली पाहिली, स्वयंपाकघराच्या मागे पाहिलं. काका लंगडत पुढे, मी वही घेऊन मागे. प्रशासनाकडे दुसरी खुर्ची मागितली तर ते म्हणाले, एकशे चाळीस नव्या येतायत, तोवर थांबा. काका थांबले. उभे राहूनच थांबले. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांना शब्द दिला की तुमची खुर्ची तुम्हाला मिळेल, ती जबाबदारी माझी. (शब्द देताना माणसाने आधी खिसे चाचपून बघावेत. वस्तू आपल्याच खिशात असते कधी कधी.)

समितीचा दिवस उजाडला. समितीत पोटकलमसाहेब, डॉक्टरीणबाई, आमच्या इमारतीचे इंजिनियर, आणि शेरे लिहून घ्यायला मी. पहिल्या सहा खुर्च्या ठीक होत्या. एकीचं चाक काढायला इंजिनियरांनी स्क्रू शोधला तर स्क्रूच नव्हता, सगळं चिकटवलेलं. दुसरीची पाठ मागे जायची ती परत यायची नाही. आणि मग आली सात नंबरची.

मामा, त्या खुर्चीभोवती सगळी समिती गोळा झाली. लोखंडी पाय एका जातीचे, पाठ दुसऱ्या जातीची, सांध्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधलेल्या, वर जाड कोटाच्या कापडाची गादी. इंजिनियरांनी ती उलटी केली, गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. म्हणाले, “डिझाइन धाडसी आहे. जुनं दिसण्याचा अजिबात संकोच नाही.” ट्यूबच्या पट्टीबद्दल त्यांनी शेरा लिहायला सांगितला, ‘झटका शोषून घेणारा, बदलण्यास अत्यंत सोपा सांधा’. बैठकीच्या खाली सुतळीने एक किल्ली बांधलेली होती. त्यावर थोडी चर्चा झाली आणि शेरा ठरला, ‘दुरुस्तीचे अवजार सोबतच जोडलेले आहे’. डॉक्टरीणबाई बसल्या त्या पुढची वीस मिनिटं त्याच खुर्चीवरून बोलत होत्या. पोटकलमसाहेबांनी वेष्टनाचा कागद, प्लॅस्टिक, खोकं असं काही आहे का म्हणून विचारलं. काहीच नाही, असं मी अभिमानाने सांगितलं. शंभरपैकी एक्याण्णव गुण. दुसरा नंबर चौसष्टवर.

तू म्हणशील, अगं, तुला ओळखू आली नाही? मामा, ती खुर्ची मी रोज पाहत होते, पण तिच्यावर काका बसलेले असायचे. काकांशिवाय ती मी कधी पाहिलीच नव्हती. मामीचा बसायचा मोडा तरी तू मामी उठल्यावर ओळखशील का?

पाकिटं उघडली. सात नंबर एका मोठ्या कंपनीचा निघाला, जिच्या माहितीपत्रकावर खुर्च्यांपेक्षा झाडाची पानंच जास्त होती. मी अहवाल लिहिला. त्यात मी ‘ही नुसती खुर्ची नाही, हा एक विचार आहे’ असं वाक्य घातलं होतं. साहेबांनी खोडलं, पण हसत खोडलं. मंजुरीचं पत्र दुसऱ्या दिवशी कंपनीला जायचं होतं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या कायम होण्याची बैठक होती. मी मनातल्या मनात तुम्हाला तार करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावरून फोन आला. “ताई, फाटकाच्या यादीतला तुमचा सात नंबर आलाय. सही करायला या.”

फाटकाशी माझ्याहून उंच खोकं उभं होतं. सोबत कंपनीचं पत्र, की खोक्याच्या लाकडी फळ्यांवर कीड नसल्याचा शिक्का नव्हता म्हणून नमुना कस्टम्समध्ये दोन आठवडे अडकला, क्षमस्व. काकांनी खोकं उघडलं. आत दुसरं खोकं. त्याच्या आत फोम, फोमच्या आत प्लॅस्टिक, प्लॅस्टिकच्या आत मऊ कागद. पाचही चाकं वेगवेगळ्या पिशव्यांत. “चाकांनासुद्धा कपडे शिवलेत,” काका म्हणाले. शेवटी अगदी मधोमध एक काळी खुर्ची निघाली. काकांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणाने विचारलं, “हा सात नंबर, तर आत कोण आहे?”

डोक्यात प्रकाश पडतो असं लोक म्हणतात. माझ्या डोक्यात त्या क्षणी सगळे दिवे गेले.

“काका,” मी म्हटलं, “नमुने आले त्या दिवशी तुम्ही सभागृहात गेला होता?”

“तुम्ही जेवायला गेलात, सामान उघडं पडलेलं. मी आपली खुर्ची नेली आणि राखण करत बसलो. मग फाटकाचा भोंगा वाजला, म्हणून पळालो.” त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. “पळालो म्हणजे, गुडघ्याने जेवढं.”

“आणि परत आलात तेव्हा?”

“तेव्हा तुम्ही कुलूप लावून त्याला हिसका देत होता. एवढं मन लावून चाललं होतं, म्हटलं कशाला मध्ये बोला. आणि मोहोर लावल्यावर आत सामान सरकारी. माझी खुर्ची आत राहिली असेल असं मला वाटलंच नाही, वाटलं कुणी तरी उचलून जागेवर लावली असेल.”

मी सभागृहात गेले. समितीचं काम संपल्यामुळे मोहोर निघाली होती. खुर्चीखालची किल्ली हातात घेतली, तिच्यावर खिळ्याने कोरलेलं होतं, ‘फाटक २’, म्हणजे काकांचंच. मग मी त्या खुर्चीवर बसले. आणि मामा, तुझ्यापासून काय लपवायचं, मी तिथे बसून विचार केला. मंजुरीच्या पत्रावर सही व्हायची होती. मी काही बोलले नाही तर कंपनीला काम मिळेल, मला नोकरी मिळेल, काकांनाही एक नवी खुर्ची मिळेल, आणि ही खुर्ची कंपनीची म्हणून कंपनीच्याच ट्रकमधून निघून जाईल. खोटं बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं, आणि बसायला खुर्ची फार चांगली होती.

खिडकीतून फाटक दिसत होतं. काका उजवा पाय अधांतरी धरून, खांबाला टेकून, त्या खोक्याचा पुठ्ठा नीट घडी घालून ठेवत होते. आणि मला शाळेतल्या बाईंचा रेडिओ आठवला. तुला आठवतो का? नुसतं बटण बदलायला आला होता, आणि तुझ्या हातून त्याची आतली तार तुटली. बाईंना काही कळलं नसतं. तू त्या दारात यायच्या आधीच म्हणालास, “बाई, बटण तुमचं बिघडलेलं, बाकीचं मी बिघडवलं.” मी तेव्हा तुझ्या त्या लोखंडी खुर्चीवर बसून पाढे लिहीत होते. मला लाज वाटली होती तुझी, की असं कशाला सांगायचं. ती लाज मला त्या दिवशी सभागृहात परत मिळाली, पण यावेळी ती माझी होती.

मी उठले आणि पोटकलमसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“हे आणखी कुणाला माहीत आहे?”

“फाटकावरच्या काकांना अर्धं.”

“पत्र अजून गेलेलं नाही. परवा तुमची बैठक आहे. हे लक्षात आहे ना?”

“आहे.”

“मग मला कशाला सांगितलंत?”

“साहेब, मी काकांना शब्द दिलाय.”

ते चष्मा पुसून म्हणाले, “तोंडी चालणार नाही. लेखी द्या. चूक कुणाची, तेही लिहा.” मी लिहिलं. ‘नंबर मी चिकटवले. सातवीवर नाव नव्हतं, ती उरलेल्या कंपनीची धरली. मोजणी बरोबर होती, ओळख चुकली.’ आणि मग, मामा, मला लेखणी आवरता आली नाही. नोकरी गेलीच आहे तर मनातलं तरी लिहू, असं म्हणून मी आणखी एक परिच्छेद जोडला, की समितीने डोळे झाकून एक्याण्णव गुण दिले ते कुठल्या कंपनीला नाही तर दुरुस्तीला दिले, आणि आपल्याला एकशे चाळीस खुर्च्या हव्या आहेत की एकशे चाळीस बसायच्या जागा, हे एकदा तपासावं.

साहेबांनी वाचलं आणि काकांना बोलावलं. काका आले ते घाबरून, टोपी हातात घेऊन. साहेबांनी विचारलं, या खुर्चीचे भाग कुठून आणले. काका म्हणाले, “तळघरातून, साहेब. तिथे पडलेल्याच आहेत. दीडशेच्या वर. मीच नेऊन टाकतो ना, नवीन आल्या की. पूर्वी भाग घेऊ द्यायचे, हल्ली चिठ्ठीशिवाय काही वर आणू देत नाहीत.”

आम्ही सगळे तळघरात गेलो. डॉक्टरीणबाई आणि इंजिनियरही आले. (बातमी जिन्यात आमच्यापुढे गेली होती.) तिथे खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या होत्या आणि बहुतेकींचं एखादंच काहीतरी मोडलेलं. कुणाचं एक चाक, कुणाचा वरखाली होणारा दांडा, कुणाचं नुसतं कापड. काकांनी एक ओढून काढली, खिशातून पाना काढला, शेजारच्या मेलेल्या खुर्चीचं चाक हिला बसवलं, ट्यूबची एक पट्टी ताणली. इंजिनियर हातात घड्याळ धरून उभे होते. अकरा मिनिटं. “बसा साहेब,” काका म्हणाले. साहेब बसले. एकदा डावीकडे वळले, एकदा उजवीकडे. तेवढ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मला आता खरं सांगा, ती सात नंबरची मी ऑर्डर केली तर बनवून मिळेल का?”

साहेब खुर्चीवरून न उठता म्हणाले, “निविदा रद्द करायला कारण लागतं. चूक झाली, हे कारण पुस्तकात नाही. मात्र ‘गरज उरलेली नाही’ हे आहे.” मग त्यांनी पोटकलमाचा क्रमांक सांगितला. मामा, मी त्या माणसाला इतकं आनंदी कधीच पाहिलं नव्हतं. मला तर वाटतं, ते पोटकलम एकदा वापरायला मिळावं म्हणून ते कित्येक वर्षं वाट पाहत होते.

एकशे चाळीस खुर्च्यांची निविदा रद्द झाली. आता दुरुस्तीची वेगळी निविदा निघेल. काळी खुर्ची तिच्या सगळ्या कपड्यांसकट परत गेली. कंपनीने नम्र पत्र पाठवून विचारलं आहे, की त्यांच्या खुर्चीत नेमकी काय कमी होती, म्हणजे सुधारणा करता येईल. उत्तराचा मसुदा मी चार वेळा लिहिला आणि चारही वेळा साहेब हसले, म्हणून तो अजून गेलेला नाही.

आणि माझी बैठक. मी तुझ्यासारखी दारातच सुरुवात करणार होते, पण त्यांनी बसायलाच सांगितलं नाही, फक्त कागद हातात दिला. त्यावर साहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उमेदवार खरेदी विभागात असून सहा महिन्यांत त्यांनी एकही वस्तू खरेदी केलेली नाही. त्यांना कायम करण्यात यावे.’

तर मामा, तुझी भाची कायम झाली. घरात पहिली. आता दुकानात सांगायचं असेल तर असं सांग, की आमची पोरगी जगासाठी सामान आणत नाही. लोक समजतील काय समजायचं ते.

मामीला सांग, मी वेळेवर जेवते. तुझ्या कंबरेला आणि तिच्या खांद्याला माझा स्वतंत्र नमस्कार. पत्राचं उत्तर पाठवायचं तर नवीन कागद घेऊ नकोस.

तुझी,
ग्रॅज्वेट

ता.क. काकांची खुर्ची त्यांना परत मिळालेली नाही. तिच्यावर नंबर चिकटला तेव्हाच ती निविदेचा पुरावा झाली, आणि पुरावे सात वर्षं रेकॉर्डच्या खोलीत जपायचे असा नियम आहे. काका चार वर्षांनी निवृत्त होतात. प्रशासनाने त्यांना एक नवी खुर्ची दिली आहे, पण तिचं प्लॅस्टिक काढायची परवानगी आहे की नाही हे कुणी सांगत नाही, त्यामुळे ते बसले की घसरतात आणि वरून आवाजही येतो. म्हणून एक मागणं आहे. तुझ्या दुकानातली ती लोखंडी खुर्ची, उजव्या हाताला लाकडी पट्टी असलेली, इकडे पाठवशील का? रंग देऊ नकोस. खोक्यात घालू नकोस. दोरी बांध आणि पाठव.

ता.क. २. दुरुस्तीची निविदा तू भरायची नाहीस. मला माहीत आहे, पत्राच्या मध्यावरच तू मामीला ‘अकरा मिनिटं? मी सातात करतो’ म्हणाला असशील. तू माझा मामा आहेस असं मी आधीच लेखी देऊन ठेवलं आहे.

ता.क. ३. वरचं काकांचं पूर्ण खरं नाही. साहेबांनी पुन्हा पुस्तक पाहिलं, आणि पुराव्याची तपासणी कुणीही करू शकतो, तपासणीला वेळेची मर्यादा नाही, असं त्यांना सापडलं. तेव्हा काका रोज दुपारी रेकॉर्डच्या खोलीत जातात, वहीत ‘कारण – पुराव्याची तपासणी’ असं लिहितात आणि खुर्चीवर बसून डबा खातात. फाटकावरच्या नव्या खुर्चीचं प्लॅस्टिकही मी काल स्वतः फाडलं, कुणाला न विचारता. दिलेला शब्द अर्धामुर्धा का होईना, पाळला गेला आहे.

ता.क. ४. ती लोखंडी खुर्ची मलाच हवी आहे. मिळालेल्या खोलीत पलंग आहे, कपाट आहे, दिवा आहे, आणि मी हे पत्र ट्रंकेवर बसून लिहिते आहे. चांगली खुर्ची विकत घेता येईल मला, आता कायम आहे. पण मी जिथे शिकले ती एकच खुर्ची आहे. तिच्या लाकडी पट्टीवर मी कर्कटकाने सातचा पाढा कोरला होता आणि त्यात ‘सात साते अठ्ठेचाळीस’ लिहिलेलं आहे. पाठवायच्या आधी तू ती खुर्ची उलटीसुलटी करून बघशील, स्क्रू आवळशील, पाय सरळ करशील, ते कर. तो आकडा मात्र दुरुस्त करू नकोस.